डोंगरात भाड्याने द्यायच्या केबिन बांधतोय : उतार, पाणी, सांडपाणी आणि बाकी कटकटी

पाऊलखूण

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे भाऊ आणि एक मित्र, तिघांनी मिळून डोंगरात एक जागा घेतली आहे. भाग पर्यटकांच्या नेहमीच्या गर्दीचा. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा दुसऱ्याच प्रतिसादात 'तिकडे राहायला कुठे चांगलं' याच्यावर घसरेल.

बेत असा आहे. सहा सुट्या लाकडी केबिन, प्रत्येकीत दोन खोल्या आणि सहा जणांची सोय. दरीच्या अंगाला डेक (उघडा लाकडी ओटा), डेकवर हॉट टब (गरम पाण्यात बसायचं मोठं टाकं). जागेच्या वरच्या बाजूने रस्ता जातो, खाली ओढा आहे आणि वरच्या कोपऱ्यात एक झरा आहे, तो म्हणे कधीच आटत नाही. आर्किटेक्टने उतार कापून तीन टप्पे दाखवलेत, एका टप्प्यावर दोन केबिन. कंत्राटदार म्हणतो, चार दिवस जेसीबी लावला की जागा सपाट. सेप्टिक टँक सहा केबिनना मिळून एकच, ओढ्याच्या बाजूला.

केबिनचं डिझाइन, फर्निचर, रंग यावर आमची बरीच डोकेफोड झाली आहे, त्यामुळे तो विषय नको. बांधायच्या आधी काय तपासायचं, ते ज्यांनी केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

रिकामटेकडा

पहिला! आता कोपऱ्यात बसून वाचतो. उद्घाटनाला मायबोलीकरांना सवलत देणार असाल तर आत्ताच जाहीर करा.

लंबक

जेसीबी आधी थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

उतार कापून टप्पा केला की निघालेली माती कुठे जाते? खालच्या कडेला ढकलली जाते. म्हणजे टप्प्याची आतली बाजू मूळ घट्ट जमिनीवर आणि बाहेरची बाजू सैल भरावावर. दरीचं दृश्य हवं म्हणून केबिन नेमकी बाहेरच्या कडेला सरकवली जाते. दोन पावसाळे गेले की भराव दबतो, कापलेला भाग जागचा हलत नाही आणि मधोमध तिरकी भेग उघडते. ती कितीही लिंपा, पुन्हा तिथेच येते. भराव करायचाच असेल तर पातळ थर देऊन, प्रत्येक थर दाबून करायचा असतो. चार दिवसांच्या जेसीबीत हे होत नाही.

दुसरं म्हणजे जमीन वाचायला शिका, त्याला पैसे पडत नाहीत. झाडांचे बुंधे बघा. बुंधा मुळाशी दरीकडे वाकून मग वर सरळ झालेला दिसला आणि तसं एक नाही, बरीच झाडं दिसली, तर वरचा मातीचा थर हळूहळू खाली सरकतोय असं समजा. विजेचे खांब, कुंपणाचे खांब कलले आहेत का? उताराच्या माथ्याला आडव्या भेगा आहेत का? सगळीकडे कोरडं असताना मध्येच एखाद्या पट्ट्यात हिरवंगार गवत आहे का? तिथे जमिनीखालून पाणी वाहतंय. हे फिरणं कोरड्या दिवसांत एकदा आणि भर पावसात एकदा करायचं. विकणारा माणूस जागा नेहमी कोरड्या दिवसांत दाखवतो, हे काही योगायोगाने होत नाही.

जागा जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर तर नाही ना, हेही बघा. उत्तराखंडातलं जोशीमठ तशा ढिगाऱ्यावर वसलेलं आहे. तिथे जड बांधकामावर निर्बंध घाला, उतारावरचे धोंडे खणून किंवा सुरुंग लावून काढू नका, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ सालीच लिहून ठेवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले. अशा जागा दिसायला फार सुरेख असतात. ढिगारा असल्यामुळेच तर डोंगराच्या मध्यावर आयता सपाट तुकडा मिळतो.

भूतंत्रज्ञाला (माती-खडक तपासणाऱ्या इंजिनियरला) बोलावून, जमिनीखाली काय आहे ते बघायला दोन-तीन ठिकाणी बोअर घ्या. सहा केबिनच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ आहे.

पाऊलखूण

काका, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. झाडांचं आत्ताच फोटोंत बघितलं, झऱ्याच्या कोपऱ्यातली चार-पाच वाकलेली आहेत. बाकीची सरळ वाटतात. कंत्राटदाराचं म्हणणं आहे, टप्प्यांना जाड दगडी भिंत घालू, मग काय बिशाद आहे जमीन हलायची.

लंबक

भिंत मातीने पडत नाही हो, पाण्याने पडते. मागच्या मातीत पाणी साठलं की भिंतीवरचा दाब कितीतरी वाढतो, आणि तसा दाब धरूनच भिंत आखली नसेल तर जाडी पुरी पडत नाही. भिंतीमागे खडीचा थर, मातीने खडी बुजू नये म्हणून मध्ये गाळणीचं कापड, आणि भिंतीतून पाणी बाहेर पडायला ओळीने भोकं. भोकं ठेवतात सगळेच. मागे खडी न घालता ठेवतात, मग वर्षभरात ती चिखलाने बुजतात आणि भिंत पोट काढते. भर पावसात ज्या भिंतीच्या भोकांतून थेंबही येत नाही, तिच्याखाली मी गाडी लावत नाही.

त्याहून महत्त्वाची आहे ती माथ्याकडची चारी. वरून येणारं पाणी तुमच्या कापलेल्या भागावर पोचायच्या आधीच अडवून बाजूच्या नैसर्गिक ओघळात सोडायचं. रस्ता तुमच्या वरून जातो म्हणता, म्हणजे रस्त्याच्या गटाराची मोरी (रस्त्याखालून पाणी पलीकडे सोडणारी वाट) कुठे उघडते ते आधी बघा. ती तुमच्या जागेत उघडत असेल तर नकाशाची सुरुवात तिथून करा.

मला विचाराल तर टप्पेच नकोत. खांबांवर केबिन घ्या, खालची जमीन आहे तशी राहू द्या. एक सावधगिरी मात्र हवी. उतारावर डोंगराकडचे खांब आखूड आणि दरीकडचे लांब होतात. भूकंपात आखूड खांब ताठर असल्यामुळे जास्त जोर स्वतःवर ओढून घेतात आणि आधी तुटतात. तेव्हा भूकंपप्रवण भाग असेल तर खांबांचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घ्या. 'नेहमी असंच करतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीवर सोडू नका.

कड्यावरचा

मी अशाच एका भागात जन्मापासून राहतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

'झरा कधीच आटत नाही' हे कोणी सांगितलं, जागा विकणाऱ्याने ना? आटत नसेलही. पण किती येतो? कोरड्या दिवसांच्या अगदी शेवटी वीस लिटरची बादली धाराखाली धरा आणि घड्याळ लावा. आणि तो झरा आज कोण वापरतंय, हे जागा घेताना विचारलंत का? खाली ओढा आहे म्हणजे ओढ्यावर कोणीतरी असणार. माणसं नसतील तर गुरं असतील. सहा हॉट टब भरायला वर पाणी अडवलं की खाली काय पोचतं, हे मी स्वतः बघितलंय. आमच्या वरच्या अंगाला असेच 'निसर्गाच्या कुशीत'वाले आले आणि दोन वर्षांत खालच्या वस्तीचं पाणी नळीतून टिपकायला लागलं. कागदोपत्री सगळं व्यवस्थित होतं बरं का.

आकडेमोड

कड्यावरचा यांच्या बादलीचं गणित करून बघू.

सहा केबिन, प्रत्येकी सहा माणसं, म्हणजे भरल्या दिवशी ३६. माणशी दीडशे लिटर धरले तर ५,४०० लिटर. चादरी-टॉवेल जागेवरच धुणार असाल तर त्याचं पाणी वेगळं. हॉट टब एक म्हटला तरी हजार-दीड हजार लिटरचा असतो.

आता झरा. वीस लिटरची बादली १०० सेकंदांत भरली तर दिवसाला १७,२८० लिटर, म्हणजे चैन. पण तीच बादली कोरड्या दिवसांत आठ मिनिटांनी भरत असेल तर दिवसाला ३,६०० लिटर, आणि तेही एक थेंब खाली न सोडता. दोन्ही वेळा मालक छातीठोकपणे 'झरा वाहतोय' म्हणू शकतो.

साठवणुकीने थोडं भागेल. आठवड्याचे मधले दिवस केबिन निम्म्या रिकाम्या, तेव्हा टाक्या भरून घ्यायच्या. पण लांबच्या सुट्ट्या आणि पाण्याची टंचाई एकाच वेळी येत असेल, तर टाक्या कितीही असोत, टँकर येणारच. मग डोंगरातल्या रस्त्याने टँकर आत वळेल का, हा पुढचा प्रश्न.

पाऊलखूण

कड्यावरचा, राग समजू शकतो. खाली एक लहान वस्ती आहे. झऱ्याचं पाणी नळीने तिकडे जातं असं दिसलं होतं, विक्रेता म्हणाला ती जुनी नळी आहे. चौकशी करतो.

कड्यावरचा

जुनी असेल. पाणी चालू आहे का ते बघा.

सुट्टीवाली

मी डोंगरातल्या भाड्याच्या केबिनचा कारभार बघते. माझ्या मालकीच्या नाहीत, दुसऱ्यांच्या सांभाळते, त्यामुळे बांधणाऱ्याने केलेल्या हौशीची किंमत रोज कोण मोजतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

सगळ्यात आधी सेप्टिक. सहा केबिनना एकच टाकी हरकत नाही, पण ती घराच्या हिशोबाने बांधू नका. घरात रोज तेवढीच माणसं, रोज तेवढंच पाणी. इथे चार दिवस शुकशुकाट आणि मग दोन दिवस ३६ माणसं, सगळी सकाळी एकाच तासात आंघोळीला. एकदम आलेल्या त्या लोंढ्याने टाकीतला गाळ ढवळतो, वर उचलला जातो आणि पुढच्या शोषखड्ड्यात (टाकीतून आलेलं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात) जाऊन मातीची छिद्रं बुजवतो. टाकी उपसता येते, बुजलेला शोषखड्डा उपसून काही उपयोग नाही, नवा खणावा लागतो. म्हणून टाकी भरल्या दिवसाच्या हिशोबाने, आत किमान दोन कप्पे, बाहेर पडायच्या जागी गाळणी, आणि शक्य असेल तर आधी एक समतोल टाकी, जिच्यातून पाणी दिवसभर थोडं थोडं पुढे जाईल.

हॉट टबचं पाणी सेप्टिकमध्ये सोडायचं नाही म्हणजे नाही. एका झटक्यात दीड हजार लिटर, त्यात क्लोरीन. टाकीतल्या जिवाणूंचा निकाल लागतो. क्लोरीन उतरू देऊन मग वेगळं सोडा, ओढ्यात तर मुळीच नको.

ओले वाइप्स. पाकिटावर 'फ्लश करता येतात' लिहिलेलं असतं, ते आमच्या गाळणीला माहीत नसतं. झाकणाची बादली ठेवा आणि पाटी ठळक लावा. तरी निघतातच.

टाकी उपसायची गाडी टाकीपर्यंत पोचली पाहिजे. तुमची टाकी ओढ्याच्या बाजूला, म्हणजे जागेच्या तळाशी, आणि रस्ता वर! सक्शनचा पाइप एवढ्या खोलीवरून ओढेल का, हे त्या गाडीवाल्याला विचारून मग जागा ठरवा. आणि ओढ्यापासून लांब घ्या हो, अगदी कडेला काय घेताय. पूर आला की पहिलं पाणी टाकीत.

सुट्टीवाली

(मोबाइलवरून टंकतेय, उरलेलं इथे.)

पाहुणे रात्री येतात. तुम्ही कितीही 'दिवसाउजेडी या' लिहा, ते ऑफिस संपवून निघतात आणि दहा-अकराला पोचतात. पाऊस, धुकं, मोबाइलला रेंज नाही, नकाशा भलत्याच फाट्यावर घेऊन गेलेला. त्यामुळे आतल्या रस्त्याचा चढ बेताचा ठेवा. सात-आठ मीटरला एक मीटर चढ हा माझ्या मते शहरातल्या चालकाचा शेवट. त्यापुढे क्लच जळतात आणि रात्री बाराला फोन मला येतो. प्रत्येक केबिनपाशी गाडी वळवायला जागा हवी. उलट्या गिअरमध्ये चढ चढणारा पाहुणा हमखास चारीत जातो.

चादरींचे पलंगामागे तीन संच. एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पाऊस लागला की चादर वाळत नाही, तेव्हा चौथा. हे सगळं ठेवायला कुलपाची कोरडी खोली हवी. नकाशात ती नेहमी विसरलेली असते आणि मग स्वच्छतेच्या बायका जिन्याखाली वाकून कामं करतात. त्यांच्यासाठी बसायला जागा आणि स्वच्छतागृहही ठेवा, ते तर कोणाच्या डोक्यातच येत नाही.

गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावू नका. तो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत लावा. थंडीमुळे पाहुणे प्रत्येक फट बंद करतात आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रत्येक झोपायच्या खोलीजवळ त्याचा डिटेक्टर लावा. फायरप्लेस ठेवणार असाल तर तिथेही. यात काटकसर केलीत तर माझ्यासारखी बाई तुमचं काम घेणार नाही.

रंधा

डेक आणि हॉट टब हे दोन शब्द शेजारी शेजारी वाचले म्हणून आलो.

साधा डेक चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून आखतात. हॉट टबमध्ये दीड टन पाणी, टबचं स्वतःचं वजन, शिवाय आत बसलेली सहा माणसं. तो बसतो जेमतेम साडेचार चौरस मीटरवर. भागाकार करा, पाचशेच्या वर जातो. म्हणजे टबाखाली स्वतंत्र खांब आणि स्वतंत्र पाया हवा. खरं तर टब डेकवर ठेवूच नका. डोंगराच्या बाजूला, जमिनीवर काँक्रीटचा ओटा करून ठेवा. दृश्य थोडं कमी दिसेल, चालेल.

डेक पडतात ते बहुतेक वेळा मधून मोडत नाहीत, भिंतीपासून सुटतात. डेकची आडवी तुळई घराला ज्या पट्टीवर टेकवलेली असते ती पट्टी खिळ्यांवर असेल, तर खिळे हळूहळू उपसतात. तिथे आरपार बोल्ट हवेत. आणि त्या सांध्यावर दुमडलेला पत्रा, म्हणजे भिंतीवरून उतरणारं पाणी पट्टीमागे शिरणार नाही. ती पट्टी आतून कुजलेली बाहेरून कळत नाही. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचा, लोण्यासारखा आत गेला की पाहुण्यांना त्याच दिवशी डेक बंद.

लाकडाचं एकच सूत्र आहे, ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवा. त्याच्या वर रेंगाळला की बुरशीला रान मोकळं. खांबाचं बूड काँक्रीटमध्ये पुरू नका, लाकूड टोकाकडून पाणी शोषतं. लोखंडी बूट लावून खांब जमिनीपासून उचला. छपराचा पुढावा (भिंतीबाहेर आलेला भाग) दोन फूट तरी घ्या. फोटोत आखूड पुढाव्याची केबिन आधुनिक दिसते, पण पावसाचा मारा असलेल्या बाजूच्या फळ्या पाच वर्षांत काळ्या पडतात. तांबंयुक्त औषध दिलेलं लाकूड घेतलंत तर स्क्रू गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस, साधे गंजून जातात. चकचकीत व्हार्निश नको, उन्हाने पापुद्रे सुटतात आणि मग सगळं खरवडावं लागतं. मुरणारं तेल लावा, वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात मारला की काम झालं.

रिकामटेकडा

रंधाभाऊ, वाचनखूण साठवली. केबिन नाही, पण गच्चीवर लाकडी झोपाळा आहे, आता संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जातो.

ठिणगी

पाण्यावर भरपूर झालं, आगीवर कोणीच बोललं नाही. जंगलाला लागून लाकडी केबिन, आणि वस्तीला असतात ते अनोळखी लोक, ज्यांना शेकोटी हवी असते!

अमेरिकेत टेनेसीमधलं गॅटलिनबर्ग हे अशाच भाड्याच्या केबिनसाठी प्रसिद्ध गाव. शेजारच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात २३ नोव्हेंबर २०१६ ला चिमनी टॉप्सच्या शिखराजवळ आग लागली. पाऊस नव्हता, पाचोळ्याचा खच पडलेला. पाच दिवसांनी, २८ तारखेला, ताशी १३० किलोमीटरच्या वर वारा सुटला आणि एका रात्रीत आग गावात शिरली. १४ माणसं गेली, सुमारे अडीच हजार इमारतींचं नुकसान झालं. वाऱ्याने विजेच्या तारा तुटून आणखी ठिकाणी आगी लागल्या. रस्ते अरुंद, वळणांचे, आणि केबिनमधल्या लोकांना दुसरी वाट माहीत असायचं कारणच नव्हतं.

अशा आगीत घर बहुतेक वेळा ज्वाळांनी पेटत नाही, उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतं. निखारे छपराच्या पन्हळीतल्या सुक्या पानांत, डेकखाली रचलेल्या जळाऊ लाकडात, पोटमाळ्याच्या झरोक्यात जाऊन पडतात. म्हणून घराभोवतीचा पहिला दीड मीटर पट्टा खडीचा किंवा फरशीचा ठेवा, झुडपं आणि लाकडाची रास तिथे नको. झरोक्यांना तीन मिलिमीटरच्या आसपासची बारीक धातूची जाळी. छप्पर पत्र्याचं किंवा कौलाचं. डेकच्या फळ्यांमधल्या फटी आणि खालचा कचरा महिन्यातून एकदा साफ.

लंबककाका खांबांवर केबिन म्हणाले, ते जमिनीच्या हिशोबाने ठीक. पण खांबांवरच्या केबिनचं उघडं पोट उतारावरून वर चढणाऱ्या आगीसमोर येतं. आग चढावर वेगाने पळते. खालून न जळणाऱ्या पत्र्याचं किंवा सिमेंट बोर्डाचं आवरण द्या, आणि दरीकडचं गवत कापत राहा.

बाहेर पडायच्या वाटांचा नकाशा छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोबाइलवर नको, आगीत टॉवर आधी जातो.

लंबक

ठिणगी, मान्य. पोटाला आवरण द्यायचं. फक्त हवा खेळती राहू द्या, नाहीतर रंधा येऊन बुरशीवरून ओरडतील.

आकडेमोड

थोडं धंद्याचं बोलतो. पर्यटकांच्या गर्दीच्या भागात नवं बांधताना सगळे गर्दी बघतात, गर्दीला सोय किती आहे ते बघत नाहीत. तुमच्यासारखा विचार शेजारच्या दहा जणांनी केला असेल तर तीन वर्षांनी त्याच पाहुण्यांची वाटणी होणार. वर्षाचे किती दिवस भरेल हा आकडा तुमच्या मनाने धरू नका. त्याच भागातल्या चार मालकांची बुकिंगची पानं रोज उघडून, कोणत्या तारखा रिकाम्या राहतात ते वहीत लिहा. सुट्टीचे दिवस सोडून मधले मंगळवार-बुधवार बघा, खरं चित्र तिथे आहे.

कर्जाचा हप्ता, चौकीदार, वीज, देखभाल हे केबिन रिकामी असली तरी चालूच. निम्म्या तारखा भरल्या तर काय, एक अख्खा हंगाम दरड पडून रस्ता बंद राहिला तर काय, हे दोन कागद आधी मांडा. दुसऱ्या कागदावर तुम्ही तगत असाल तरच सहा बांधा.

आणि आधीच बांधलेली, थकलेली मालमत्ता विकायला आहे का ते बघितलंत का? पाया बसलेला, पाण्याची जोडणी झालेली, परवानग्या असलेली. नव्याची हौस वेगळी, पण डोंगरात जुन्या पायाला मोल असतं.

कड्यावरचा

शेवटचा परिच्छेद पटला. पहिल्या दोन परिच्छेदांत मात्र जे तिथे राहतात ते कुठेच नाहीत. पाहुण्यांची वाटणी होते तशी घरांचीही होते. सगळी घरं रात्रीच्या भाड्याला लागली की शाळेतल्या बाईंना, दवाखान्यातल्या नर्सला, खुद्द सुट्टीवालीताईंकडे काम करणाऱ्या बायकांना राहायला घर उरत नाही. त्या दोन डोंगर ओलांडून कामाला येतात.

आकडेमोड

म्हणून कोणी काही बांधूच नये का? रोजगार कोण देणार? दरवेळी येणारा वाईट आणि राहणारा संत, हे जरा जास्तच होतं.

कड्यावरचा

बांधू नये असं म्हटलंय कुठे? किती, याला मर्यादा हवी म्हणतोय. आणि हे काही माझं खूळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये ११ मार्च २०१२ ला यावर सार्वमत झालं. कोणत्याही गावात 'दुसरी घरं' (सुट्टीपुरती वापरायची) एकूण घरांच्या २० टक्क्यांच्या वर नकोत, हा प्रस्ताव ५०.६ टक्क्यांनी, म्हणजे अगदी काठावर मंजूर झाला. १ जानेवारी २०१६ पासून त्याचा कायदा लागू आहे. गंमत म्हणजे पाहुण्यांना नियमित भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना त्यात अटींसह वाट ठेवली आहे. त्यांचा मुख्य राग वर्षभर खिडक्या बंद असलेल्या घरांवर होता. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ब्रेकनरिज गावाने उलट दिशा धरली, २०२१ मध्ये थेट अल्पमुदतीच्या भाड्याच्या परवान्यांनाच कमाल मर्यादा घातली. म्हणजे आज परवाना मिळतोय म्हणून उद्या मिळेल असं नाही. धंद्याच्या कागदावर हेही मांडा, आकडेमोडसाहेब.

आकडेमोड

हे मांडायला हवं, खरं आहे. नियम बदलण्याची जोखीम तिसऱ्या कागदावर.

सुट्टीवाली

तुमचं चालू द्या, पण कड्यावरचा म्हणतायत ते घरांचं खरं आहे. माझ्याकडच्या निम्म्या बायका शेवटची बस पकडायची म्हणून चारला निघतात, आणि पाहुणे रात्री पोचले तरी केबिन त्यांच्यासाठी दुपारी तीनपासून तयार लागते. सहा केबिन एकाच दिवशी रिकाम्या होऊन एकाच दिवशी भरणार असतील तर मधले चार तास सहा जणी लागतील. पाऊलखूण, त्या कुठून आणणार ते ठरलंय का? एखादी केबिन भाड्याला न देता कामावरच्या कुटुंबाला राहायला ठेवलीत तर रात्री-बेरात्री नळ फुटल्यावर तुम्हाला शहरातून पळावं लागणार नाही. खालच्या वस्तीतलंच कुटुंब मिळालं तर नळीचा प्रश्नही तुमच्या अंगणातच सुटेल.

पाऊलखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जागेवर जाऊन आलो, वृत्तांत देतो.

नळी चालू आहे. वस्तीतल्या आजींनी सरळ विचारलं, 'आमचं पाणी घेणार का?' मी नाही म्हणालो, पण लेखी द्या म्हणाल्या. त्या बरोबर आहेत. पाण्याचा वाटा ठरवून कागद करतोय, झऱ्याचं पाणी आधी वस्तीला आणि उरलं तर आम्हाला. आमची गरज छपरावरचं पाणी साठवून आणि बोअरवर भागते का ते बघतो.

रस्त्याची मोरी आमच्याच जागेत उघडते, वाकलेल्या झाडांच्या बरोबर वर. भूतंत्रज्ञ पुढच्या आठवड्यात येतोय. त्या कोपऱ्यातली केबिन तशीही गेली.

मित्राला आणि मला आता तीन पुरे वाटतात, त्यातली एक राहत्या कुटुंबाला. भाऊ सहावरच अडून बसलाय. त्याचं म्हणणं, रस्ता, वीज, टाकी यांचा खर्च तेवढाच, मग तीनवर का वाटायचा? त्याला हा धागा वाचायला दिलाय, त्याने फक्त हॉट टबचा भाग वाचला आणि टब जमिनीवर घ्यायला तयार झाला.

शेवटचा प्रश्न लंबककाकांना. शोषखड्ड्याची जागा वर, रस्त्याच्या बाजूला हलवायची म्हणतोय. माती पाणी शोषते की नाही हे घरच्या घरी कसं बघायचं?

लंबक

भावाला तीन केबिनसाठीच्या टाकीचा हिशोब वेगळा करून दाखवा, 'तेवढाच खर्च' राहणार नाही. निम्म्या माणसांची टाकी निम्म्याजवळ येते.

वर घेताय तर दोन गोष्टी. एक, तिथलं सांडपाणी मुरून कापलेल्या भागात किंवा कुठल्या केबिनच्या पायात उतरणार नाही हे भूतंत्रज्ञाकडून नक्की करून घ्या. उताराच्या माथ्यावर सतत पाणी जिरवणं चांगलं नाही. दोन, झऱ्यापासून ३० मीटर तरी दूर, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला अजिबात नको.

आता चाचणी. जेवढ्या खोलीवर पाणी जिरवायचं आहे तेवढा खड्डा खणा, तळाशी वीतभर रुंद पुरे. बाजू गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडा, नाहीतर मातीची छिद्रं बंद राहतात. तळाला दोन बोटं खडी. आदल्या दिवशी पाण्याने भरून रात्रभर माती भिजू द्या, कोरड्या मातीत केलेली चाचणी खोटी. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर वीतभर पाणी भरा, आडवी काठी टाकून पट्टीने मोजा आणि पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते लिहा. लागोपाठचे आकडे जवळजवळ सारखे येईपर्यंत परत परत. तासापेक्षा जास्त लागत असेल तर तिथे शोषखड्डा नको, सांडपाण्यावर प्रक्रियेची दुसरी पद्धत बघा. दोन-चार मिनिटांत धपकन उतरत असेल तरी खूश होऊ नका, ते पाणी गाळलं न जाता सरळ झऱ्याला मिळत असेल.

असे तीन-चार खड्डे वेगवेगळ्या ठिकाणी करा आणि पावसाळ्यात तळाला आपोआप पाणी येतं का तेही बघा. भूजल शोषखड्ड्याच्या तळापासून मीटर-दोन मीटर तरी खाली हवं. आकडे आले की इथेच टाका. आणि भावाला पट्टी धरायला लावा.